अठरा बाय चोवीस

भद्रकालीत माझं दुकान. काचेचं.
फोटोफ्रेम, आरसे, खिडक्या, देवघराची दारं.
सरकारी दवाखान्यातल्या अपघात विभागाचं माप
मला वहीत बघावं लागत नाही.
अठरा बाय चोवीस, पाच एमेम, साधी.
वर्षात तीनदा बसवली, एकाच चौकटीत.

पहिल्यांदा शेवाळे वॉचमन म्हणाला, खुर्चीनं फुटली.
दुसऱ्यांदा, सलाईनच्या स्टँडनं.
तिसऱ्यांदा नुसतं बोट दाखवलं त्यानं.
खाचेतले तुकडे उपसताना एक पिन सापडली,
काळी, अंबाड्याला खोचतात तसली.
ती मी पुट्टीच्या डब्यात टाकली.
कुणाची, ते विचारलं नाही. बिल तेवढं दिलं.

काचेचं एक सांगतो.
लोकांना वाटतं, हातोडी घातली की फुटते.
तशी वाटेल तशी फुटते, कामाची राहत नाही.
आम्ही आधी हिरकणीनं रेघ मारतो,
दिसेल न दिसेल अशी.
मग अंगठ्याचा नुसता दाब.

रथाच्या आदल्या रात्री
पाथर्डी फाट्यावर भाच्याला टेम्पोनं उडवलं.
हर्षद. बावीस वर्षांचा.
आत नेला, दार मिटलं.
नऊ वाजले. कुणी काही बोलेना.
एक चिठ्ठी आली, रक्त आणा.
खिडकीवर गेलो तर, दुसऱ्या खिडकीवर जा.
दुसरीवर कुलूप.
दहा वाजले. दार उघडलं,
आतून बादली गेली, दार मिटलं.
बहीण विमल फरशीवर बसलेली,
हातात त्याची एकच चप्पल.
कुणीतरी खेकसलं, गर्दी करू नका.
आम्ही तिघंच होतो.

मग सातपूरहून त्याचे दोस्त आले, चार गाड्यांवर.
कोणे तो डॉक्टर, काढ बाहेर, भो!
खरं सांगतो, माझाही हात वर गेला.
समोर मीच बसवलेली काच.
कडेच्या पुट्टीत माझ्याच अंगठ्याचा ठसा, वाळलेला.
पलीकडे एक पोरगा, हर्षदएवढाच,
ॲप्रनवर हर्षदचं रक्त,
उभ्या उभ्या पाणी पीत होता
आणि ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

तेवढ्यात गांगुर्डे सिस्टर बाहेर आल्या.
आरडाओरडा नाही, पोलिसाला हाक नाही.
विमलशेजारी खाली फरशीवर बसल्या.
म्हणाल्या, पोटात रक्त साचलंय.
डॉक्टर खैरनार एकटे आहेत, आत आणखी अकरा जण आहेत.
वाचेल, असं मी म्हणणार नाही.
पण दर अर्ध्या तासाला येईन,
असेल ते सांगीन.

साडेदहाला आल्या. रक्त मिळालं, म्हणाल्या.
अकराला आल्या.
साडेअकराला आल्या, म्हणाल्या, नवीन काही नाही,
तेवढंच सांगायला आले.
पोरं जिन्यावर बसली.
एकानं सगळ्यांसाठी चहा आणला,
एक ग्लास आत पाठवला, न बोलता.

पावणेतीनला आल्या. अर्धा तास झाला नव्हता.
तेव्हाच कळलं.
विमलनं जो आवाज काढला
तो अजून दुकानात, शटर ओढताना, ऐकू येतो.
सातपूरच्या एकाची मूठ उठली,
काचेपर्यंत गेली,
आणि मग त्यानं ती स्वतःच्याच तोंडात कोंबली.
खैरनार बाहेर आले. काही सुचत नव्हतं त्यांना.
विमलसमोर नुसते उभे राहिले.
उभं राहणंही सोपं नव्हतं, मी बघत होतो.

दिवस झाल्यावर
डबा उपसून पिन काढली, घासून पुसून नेली.
गांगुर्डे सिस्टरांच्या भुवईवर टाक्यांची खूण,
मला वाटलं, त्यांचीच.
त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.
माझी नाही हो, म्हणाल्या,
अहिरेची असेल. ती सोडून गेली. येवल्याला असते,
साड्यांच्या दुकानात.
पिन परत माझ्या हातावर ठेवली,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं,
आणि बाकावरच्या म्हाताऱ्याशी बोलायला गेल्या.